विद्येची विहीर उघडी झाली. दोर कोणी द्यावा?

डिचोलीहून अस्नोड्याकडे निघालेली बस मुळगावात थांबते आणि दिवसभर महाविद्यालयात बसून आलेली मुले-मुली खाली उतरतात. दिवेलागणीची वेळ असते. घरी येऊन हातपाय धुतले, चहाचा पेला रिकामा झाला, की प्रत्येकाच्या हाती मोबाईल येतो. स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, ‘‘पुरे झाला आता तो मोबाईल! पुस्तक काढ जरा.’’ हा संवाद आज गोव्यातील कोणत्याही घराला नवीन नाही. जातिधर्माचा भेद त्याला ठाऊक नाही.

वाचकहो, आईची तक्रार खोटी आहे असे कोणीही म्हणणार नाही. त्या लहानशा चौकटीत मुलांचा किती वेळ व्यर्थ जातो, हे आपण सारेच पाहत आहोत. परंतु त्याच चौकटीत आज देशातील नामवंत प्राध्यापक शिकवावयास उभे आहेत, त्यांच्या व्याख्यानांना फी नाही, त्यांच्या वर्गाचे दार रात्रीबेरात्रीही बंद होत नाही, ही गोष्ट किती आईबापांना ठाऊक आहे? आणि ज्या मुलांना ती ठाऊक आहे, त्यांपैकी किती जण त्या दारातून आत जातात? आजच्या लेखात या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

पूर्वीची पायपीट

गेल्या पिढ्यांची स्थिती आठवावी. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तेव्हा कला, विज्ञान वा वाणिज्य यांची पदवी देणारे एकही महाविद्यालय येथे नव्हते. मुंबई, बेळगाव, धारवाड येथे ज्यांचे आप्त होते, किंवा ज्यांची ऐपत होती, त्यांनीच पुढे शिकावे, असा जणू नियम होता. १९६२ पासून महाविद्यालये निघू लागली आणि १९८५ साली गोवा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. आज साखळीला शासकीय महाविद्यालय आहे, डिचोलीत वाणिज्य महाविद्यालय आहे, आणि पेडणे तालुक्यात विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय आहे. उच्च शिक्षण उंबरठ्यापर्यंत आले, हे निःसंशय.

तरीही उंबरठा ओलांडल्यावरची अडचण संपली नाही. वर्गात एखादा विषय समजला नाही तर शिकवणी लावावी लागते. संदर्भग्रंथ हवा असेल तर पणजीचे कृष्णदास शामा ग्रंथालय गाठावे लागते. १८३२ साली स्थापन झालेले ते ग्रंथालय गोव्याचे भूषणच आहे, पण मुळगावच्या मुलाला तेथे जाऊन येण्यात दिवस मोडतो. आणि या भागातील घरांची मिळकत कशी डळमळली, हे येथील माणसाला सांगावयास नको. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या. ज्यांच्या दारात कर्जाने घेतलेले ट्रक होते, त्यांच्या घरी मुलांच्या शिकवणीचा खर्च हा विचार करण्याचा विषय झाला. डिचोलीच्या खाणपट्ट्यातील काम २०२४ साली पुन्हा सुरू झाले खरे, पण मुलाच्या शिक्षणाची तीन वर्षे खाणीच्या उघडझापीसाठी थांबून राहत नाहीत. अशा घरांना विनामूल्य विद्येचे मोल इतरांहून अधिक आहे.

विहिरीत पाणी किती?

मग ही विनामूल्य विद्या आहे तरी कोठे?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेने २००१ साली आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य इंटरनेटवर सर्वांसाठी खुले करण्याचा निश्चय जाहीर केला, तेव्हा पुष्कळांनी भुवया उंचावल्या. जी विद्या मोठी फी घेऊन दिली जाते, ती फुकट कशी देणार, असा प्रश्न पडला. आपल्या देशाने या कामी उशीर केला नाही. २००३ साली सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम सुरू केला. प्रारंभी तो अभियांत्रिकी व विज्ञान यांच्यापुरता होता; आता व्यवस्थापन, अर्थशास्त्र, भाषा, मानव्यविद्या यांचीही व्याख्याने तेथे मिळतात. काही अभ्यासक्रमांची व्याख्याने मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिखित रूपाने अनुवादित झाली आहेत.

त्यानंतर ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू झाले. त्याची रचना चार अंगांची आहे: चित्रफितीवरील व्याख्यान, वाचण्यासाठी टिपणे, स्वतःची परीक्षा घेण्यासाठी प्रश्न, आणि शंका विचारण्यासाठी चर्चेची जागा. शिकण्यास पैसा पडत नाही. प्रमाणपत्र हवे असेल तरच ठराविक शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे, एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वर पूर्ण करून त्यांचे श्रेयांक पदवीत धरता येतात. मात्र आपले महाविद्यालय कोणते अभ्यासक्रम मान्य करते, हे नाव नोंदवण्यापूर्वी विचारून घ्यावे. मागाहून पश्चात्ताप नको.

ज्यांच्या घरी इंटरनेटची ओढाताण आहे, त्यांच्यासाठी ‘स्वयम् प्रभा’ या दूरचित्रवाणीच्या शैक्षणिक वाहिन्या उपग्रहाद्वारे चालतात. रोज निदान चार तासांचा नवा पाठ आणि तोच दिवसात आणखी पाच वेळा, अशी त्यांची योजना आहे. सकाळी पाणी भरताना जो पाठ हुकला, तो रात्री ऐकता यावा, असा हेतू.

आणि आपल्या गोव्याचे काय? २०२० साली कोरोनाच्या साथीने महाविद्यालये बंद पडली, तेव्हा सत्तरी, सांगे अशा डोंगराळ तालुक्यांतील मुलांना रेंज मिळावी म्हणून टेकडी चढून बसावे लागत असे, हे आपण विसरलो नसू. त्याच काळात गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने ‘दिश्टावो’ हा उपक्रम हाती घेतला. गोव्यातील महाविद्यालयांच्याच प्राध्यापकांनी गोवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे धडे ध्वनिचित्रमुद्रित केले आणि ते यूट्यूबवर सर्वांना विनामूल्य पाहता येतात. एक दक्षता घ्यावी. २०२३ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यासक्रम बदलला आहे. म्हणून जुना धडा पाहण्यापूर्वी आपली विषयपत्रिका शेजारी ठेवून कोणते प्रकरण अजून लागू आहे, हे ताडून घ्यावे.

शिक्षकांसाठीही ताट वाढलेले आहे. पदव्युत्तर विषयांचे पाठ ‘ई-पीजी पाठशाला’ येथे आहेत. ‘शोधगंगा’ या भांडारात भारतीय विद्यापीठांतील प्रबंध वाचावयास मिळतात, त्यांत गोवा विद्यापीठाचेही आहेत. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्राला अर्पण झाले. इतिहास वा मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकाने इंटरनेट आर्काइव्ह हे विनामूल्य भांडार अवश्य उघडावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे प्रथम छापले गेले. त्या जुन्या मुद्रणांची एकही प्रत आज हाती नाही. परंतु १९०७ साली मंगळूरला निघालेली आवृत्ती तेथे पानापानाने पाहता येते. जो ग्रंथ पाहण्यासाठी एके काळी मोठ्या ग्रंथालयाचे दार ठोठवावे लागे, तो आज मुळगावच्या पडवीत उघडतो.

भाषेची पायरी

येथवर वाचून कोणी पालक म्हणतील, ‘‘हे सारे उत्तम, पण आमची मुलगी चौथीपर्यंत मराठीतून शिकली. ती व्याख्याने तर इंग्रजीत!’’ ही शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतील पुष्कळ मुलांची पहिली अक्षरे मराठी असतात आणि महाविद्यालयातील ग्रंथ इंग्रजी. मुलगा विषयात कच्चा नसतो, शब्दाशी अडतो. आणि वर्गात हात वर करण्याची लाज वाटून गप्प बसतो. पुढे तोच गप्प बसलेला मुलगा ‘अभ्यासात मन नाही’ म्हणून ओळखला जातो.

या अडचणीवरही विनामूल्य उपाय आहेत, ते मुलांना दाखवले पाहिजेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्याचा पाया घातला, त्या मराठी विश्वकोशाचे खंड आता इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश तेथेच आहेत. अर्थशास्त्राचा वा वाणिज्याचा इंग्रजी शब्द घातला की मराठी प्रतिशब्द मिळतो. मोल्सवर्थ साहेबांचा १८५७ च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने खुला ठेवला आहे. आणि मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम तर संगणकाचे धडे मराठीतूनही ऐकवतो. एकेक धडा सुमारे दहा मिनिटांचा. तो उतरवून ठेवला की पुढे इंटरनेट नसले तरी चालते.

असे समजा की मुळगावातील एक मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि ‘चलनवाढ’ हे प्रकरण तिला उमगत नाही. तिने प्रथम विश्वकोशात ती कल्पना मराठीतून वाचावी. मग परिभाषा कोशातून त्या प्रकरणातील आठ-दहा इंग्रजी शब्द वहीत उतरवावेत. त्यानंतर आपल्या विषयपत्रिकेशी जुळणारे व्याख्यान लावावे, पण सलग ऐकू नये. दहा मिनिटे ऐकावे, थांबवावे, आणि काय कळले ते दोन ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहावे. शेवटी प्रश्न सोडवावेत. रोज पाऊण तास असे केले तर आठवड्यात एक प्रकरण तिच्या हाती येईल. यात चमत्कार काही नाही. पूर्वी चांगला शिक्षक पाटीवर हेच करून घेत असे.

पाणी असूनही घसा कोरडा

आता कटू सत्याकडे वळू. हार्वर्ड विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्था यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा, २०१२ पासून २०१८ पर्यंतचा, ५६ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचा एक आढावा २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नावे नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के लोकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नाही, असे त्यात दिसून आले. २०१७-१८ या वर्षात अभ्यास तडीस नेणारे शेकडा जेमतेम तीन होते. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात मात्र हे प्रमाण शेकडा सेहेचाळीस होते.

या आकड्यांचा अर्थ काय? फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नसते, असे कोणी पटकन म्हणेल. पण ते सगळे सत्य नव्हे. पैसे भरणाऱ्याने आपल्या मनाशी काही ठरवलेले असते. आपल्याला कोठे पोहोचावयाचे आहे, हे त्याला ठाऊक असते. ज्याच्यापुढे असे गन्तव्य नाही आणि ज्याला कोणी ‘आज कुठवर आलास?’ असे विचारत नाही, तो दुसऱ्याच आठवड्यात थांबतो. यात त्याचा आळस असेल, पण त्याचे एकटेपणही असते.

आमच्या पूर्वजांना ही गोष्ट कळली होती. गोव्यातील चर्चच्या पॅरिश शाळांतून ‘मेस्त’ मुलांना अक्षरे, स्वर आणि व्हायोलिन शिकवीत. गरिबाच्या मुलालाही तेथे मज्जाव नसे. तिकडे पोर्तुगीज राजवटीत बहुतेक मराठी शाळा गावकऱ्यांनी आपल्या वर्गणीवर, देवळाच्या अग्रशाळेत वा एखाद्या गृहस्थाच्या पडवीत चालवल्या आणि मास्तरांच्या जेवणाची सोय घराघरांनी केली. दोन्हीकडे विद्या विनामूल्य किंवा अल्पमोलाची होती. पण दोन्हीकडे विद्येपाशी एक माणूस बसलेला असे. मूल आले नाही तर तो माणूस घरी निरोप पाठवीत असे. आज विद्या आहे, माणूस उठून गेला आहे. विहीर काठोकाठ भरलेली आहे, पण तिच्यावर दोर नाही, आणि तहानलेला मुलगा काठावर बसून पाण्यात आपले तोंड पाहत आहे.

दोर वळण्याचे काम

हा दोर सरकार वळून देणार नाही. तो घराने, शिक्षकाने आणि गावाने मिळून वळावयाचा आहे.

प्रथम घराकडून. आईबापांना अर्थशास्त्र येत नसले तरी बिघडत नाही. जेवणाच्या वेळी ‘‘आज काय शिकलीस ते मला सांग पाहू’’ एवढे विचारणे त्यांना येते. जे आईला समजावून सांगता येते, ते खरोखर कळलेले असते. मोबाईल हिसकावून घेण्यापेक्षा, त्यातील पाऊण तास कोणत्या कामाचा, हे ठरवून देणे अधिक हितकर. घरातील वडीलधारे स्वतः त्याच वेळी मोबाईलवर चित्रे सरकवीत बसले, तर उपदेशाचा काही उपयोग नाही, हेही सांगितले पाहिजे.

दुसरे, शिक्षकाकडून. एखादा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणजे शिकवणे झाले नाही. शंभर दुवे पाठवण्यापेक्षा एक व्याख्यान स्वतः ऐकून, ‘‘याची पहिली पंधरा मिनिटे पाहून या, उद्या वर्गात त्यावर बोलू’’ असे सांगणारा प्राध्यापक मुलांना तारतो. आपल्या अध्यापनाची उजळणी करू इच्छिणाऱ्या प्राध्यापकांसाठी २०१८ साली ‘स्वयम्’वरच ‘अर्पित’ या नावाने उजळणी-पाठ सुरू झाले, ही गोष्ट सूचक आहे. शिकवणाऱ्यानेही शिकावयाचे असते. ज्याने स्वतः एखादा अभ्यासक्रम शेवटपर्यंत नेला आहे, त्याला विद्यार्थी कोठे अडखळतो, हे आतून कळते.

तिसरे, गावाकडून. आपल्या गावांत सभागृहांची वाण नाही. पंचायतीचे आहे, देवळाचे आहे, चर्चचे आहे, क्लबाचे आहे. लग्ने, सभा आणि तियात्रे सोडली तर त्यांची दारे बंदच असतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी, सात ते साडेआठ, यांपैकी एक दार उघडावे. एक इंटरनेटची जोडणी, दोन बाके, एक फळा, आणि देखरेखीस एक सेवानिवृत्त शिक्षक वा शिक्षिका, एवढेच पुरे. त्यांनी विषय शिकवण्याची गरज नाही; कोण आले, कोण आले नाही, कोण कोठे अडले, हे पाहावे. वरच्या वर्गातील मुलाने खालच्याला तासभर द्यावा. तेथे सर्व धर्मांची मुले एका बाकावर बसली, तर तोही एक धडाच होईल आणि त्याची परीक्षा पुढे आयुष्यात होईल.

सावध असावे

सावधगिरीचे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ‘फुकट अभ्यासक्रम’ म्हणून बोलावून, पुढे बँकेचा तपशील विचारणारी ठिकाणे पुष्कळ आहेत. ज्या पानावर कोणत्या संस्थेचे काम आहे हे स्पष्ट लिहिलेले नाही, तेथे आपले नाव-पत्ता देऊ नये. घाईघाईने गोळा केलेली प्रमाणपत्रे भिंतीवर शोभतात. मुलाखतीत मात्र पहिल्या प्रश्नालाच त्यांचा रंग उतरतो. आणि आता प्रश्न टाकताच उत्तर लिहून देणारी यंत्रेही मोबाईलमध्ये आली आहेत. त्यांचा उपयोग अडलेला शब्द समजून घेण्यास करावा. आपला निबंध त्यांच्याकडून लिहून घेणे म्हणजे आपल्या वाटचे जेवण दुसऱ्याला जेवावयास सांगणे होय. पोट आपलेच रिकामे राहते.

वाचकहो, लेखाच्या प्रारंभी जी आई स्वयंपाकघरातून हाक मारीत होती, तिच्याकडे शेवटी परत जाऊ. ती उद्याही हाक मारील आणि मारलीच पाहिजे. परंतु उद्या तिने ओल्या हातांनीच का होईना, बाहेर यावे, मुलीच्या शेजारी क्षणभर बसावे आणि विचारावे, ‘‘बाय, हे मास्तर काय सांगतात गे? मलाही सांग.’’ मुलगी प्रथम हसेल. मग सांगू लागेल. सांगता सांगता अडेल, आणि जेथे अडली ते पुन्हा उघडून पाहील.

विहिरीवर दोर पडला, असे त्या क्षणी समजावे. पाणी शेंदून काढण्याचे बळ मुलांच्या हातांत आहेच.